कायदा स्वयंपाकघरापर्यंत येतो तेव्हा : गुलामगिरीविरोधी कथांनी लोकमत कसे घडवले

अमेरिकेच्या ओहायो राज्यातील एका घरात थंडीच्या रात्री घडलेला हा प्रसंग आहे. राज्याच्या विधिमंडळात सिनेटर असलेले बर्ड नावाचे गृहस्थ अधिवेशनाहून नुकतेच परतले आहेत आणि शेकोटीजवळ बसून, बूट काढून पत्नीने केलेल्या नव्या सपाता पायात चढवत आहेत. त्यांची पत्नी मेरी ही स्वभावाने भित्री आणि राजकारणाच्या वाटेला कधी न जाणारी बाई. पण आज ती विचारते, की नदीपलीकडच्या केंटकी राज्यातून पळून येणाऱ्या गुलामांना अन्नपाणी देण्यास मनाई करणारा कायदा खरोखरच झाला का, आणि तुम्ही त्याच्या बाजूने मत दिले का. सिनेटर होकार देतात आणि शेजारच्या राज्याशी सलोखा राखणे कसे आवश्यक आहे, सार्वजनिक हितापुढे खासगी भावना कशा बाजूला ठेवाव्या लागतात, हे शांतपणे समजावून सांगू लागतात. वाद रंगात आलेला असताना घरातला जुना नोकर दारातून डोके आत घालून मालकिणीला स्वयंपाकघरात बोलावतो. तिथे दोन खुर्च्यांवर एक तरुण स्त्री बेशुद्ध पडलेली असते. तिचे कपडे फाटून गारठलेले असतात, एका पायातला जोडा गेलेला असतो आणि पाय रक्ताळलेला असतो. तिचा लहान मुलगा सोबत असतो. ती शुद्धीवर येते तेव्हा सिनेटर तिला विचारतात, की मालकीण मायाळू होती म्हणतेस, मग तू पळालीस का? ती मेरीबाईंकडे पाहून उलट विचारते, “बाईसाहेब, तुमचं मूल कधी गेलंय का?”

त्या घरातले मूल मातीआड होऊन जेमतेम महिना झालेला असतो. मेरीबाईंना रडू कोसळते आणि सिनेटर पाठ फिरवून खिडकीशी जाऊन उभे राहतात. थोड्या वेळाने, या बाईला आज रात्रीच इथून हलवले पाहिजे, हे तेच बोलतात. गेलेल्या मुलाच्या कपड्यांनी भरलेल्या खणाची आठवणही, अडखळत का होईना, तेच काढतात. मग ज्या कायद्याला मत देऊन ते घरी आले होते तो कायदा मोडून, चिखलाच्या रस्त्यातून मध्यरात्री गाडी घालून ते त्या माय-लेकरांना सुरक्षित घरी पोचवतात.

हॅरिएट बीचर स्टो यांच्या ‘अंकल टॉम्स केबिन’ या कादंबरीतील हे नववे प्रकरण आहे. कादंबरीने लोकमत बदलते म्हणजे नेमके काय होते, असे कुणी विचारले तर मला हेच प्रकरण पुढे करावेसे वाटते, कारण वाचकाच्या मनात जे घडावे अशी लेखिकेची इच्छा होती ते तिने येथे एका पात्राच्या बाबतीत घडवून दाखवले आहे. सिनेटर बर्ड यांना गुलामगिरीची माहिती नव्हती असे मुळीच नाही. त्यांच्याविषयी लेखिका म्हणते, की ‘फरारी’ या शब्दाची त्यांची कल्पना म्हणजे तो शब्द बनवणारी अक्षरे, किंवा फार तर वर्तमानपत्रात छापलेले काठी आणि गाठोडे घेतलेल्या माणसाचे बारकेसे चित्र. हात थरथरत आहेत, डोळे विनवत आहेत, असे जिवंत माणूस समोर उभे राहण्याचा अनुभव त्यांनी घेतलेला नव्हता.

हा मुद्दा नीट समजून घ्यायचा तर त्या काळात लोकांना काय ठाऊक होते ते आधी पाहावे लागेल. १८५० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत सुमारे ३२ लाख माणसे गुलाम होती, आणि १८६० पर्यंत ही संख्या जवळजवळ ४० लाखांवर गेली. हे सगळे उघडपणे चालले होते. माणसांचे लिलाव जाहीर होत, वर्तमानपत्रांत त्यांच्या विक्रीच्या जाहिराती येत. १८३९ साली थिओडोर वेल्ड यांनी पत्नी अँजेलिना ग्रिमके आणि मेव्हणी सारा ग्रिमके यांच्या मदतीने गुलामगिरी असलेल्या दक्षिणेकडील राज्यांतल्याच वर्तमानपत्रांतील कात्रणे आणि प्रत्यक्षदर्शींच्या जबान्या गोळा करून एक जाडजूड पुस्तक काढले होते. फरारी गुलाम ओळखू यावा म्हणून मालकांनी स्वतःच जाहिरातीत दिलेली वर्णने, म्हणजे पाठीवरचे चाबकाचे वळ, डागण्याच्या खुणा, कापलेले कान, त्यात जशीच्या तशी छापली होती. पुरावा यापेक्षा भक्कम काय असणार? आणि ते पुस्तक खपलेही भरपूर. तरीही उत्तरेतील बहुसंख्य गोरे लोक, गुलामगिरी वाईट आहे पण तो दक्षिणेचा प्रश्न आहे, राज्यघटनेने केलेला तो करार आहे, असे म्हणून हात झटकत होते. गुलामगिरी पूर्ण नष्ट करावी म्हणणाऱ्या निर्मूलनवाद्यांकडे तर उत्तरेतही माथेफिरू म्हणून पाहिले जाई आणि त्यांचे छापखाने जमाव फोडत असत.

हात झटकणे अवघड झाले ते १८५० च्या सप्टेंबरमध्ये संमत झालेल्या फरारी गुलाम कायद्यामुळे. या कायद्याने पळून आलेल्या माणसाला पकडून देण्याच्या कामात उत्तरेतील सामान्य नागरिकालाही ओढले. फरारी व्यक्तीला आसरा देणाऱ्यास १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत होती. पकडलेल्या माणसाला ज्यूरीपुढे खटला मिळत नव्हता आणि स्वतःच्या बाजूने साक्षही देता येत नव्हती. निकाल देणाऱ्या आयुक्ताला, माणूस मालकाच्या हवाली केला तर १० डॉलर आणि सोडून दिला तर ५ डॉलर फी मिळत असे. न्यायाचा भाव असा दुप्पट-निम्मा ठरवून देणारा हा कायदा वाचताना आजही अंगावर काटा येतो. आता प्रश्न दूरच्या मळ्यांपुरता राहिला नव्हता, तो आपल्या दारात येऊन ठेपू शकत होता. पण ‘येऊ शकतो’ आणि ‘आला आहे’ यांत फार अंतर असते, आणि ते ओलांडण्याचे काम कादंबरीने केले.

स्टो या धर्मोपदेशकांच्या घराण्यातल्या. त्यांचा जन्म १८११ चा, कनेटिकट राज्यातील लिचफील्ड गावचा. १८३२ मध्ये वडिलांबरोबर त्या सिनसिनाटी शहरात राहायला गेल्या आणि पुढची सुमारे अठरा वर्षे तिथेच राहिल्या. हे शहर ओहायो नदीच्या काठावर आहे. नदीच्या या तीरावर गुलामगिरी नव्हती आणि पलीकडे, केंटकीत, ती होती. त्यामुळे जीव मुठीत धरून नदी ओलांडणाऱ्यांच्या कहाण्या त्यांच्या कानांवर सतत पडत. १८४९ च्या कॉलऱ्यात त्यांचा दीड वर्षांचा मुलगा चार्ली गेला. गुलाम आईच्या कुशीतून मूल ओढून नेले जाते तेव्हा तिला काय वाटत असेल, हे आपल्याला त्याच्या मृत्युशय्येपाशी आणि थडग्यापाशी समजले, असे त्यांनी पुढे एका पत्रात लिहिले आहे. सिनेटरच्या घरातील तो बंद खण कुठून आला, हे शोधायला यापलीकडे जावे लागत नाही.

१८५० मध्ये पतीच्या नोकरीनिमित्त हे कुटुंब मेन राज्यातील ब्रन्सविक येथे गेले. फरारी गुलाम कायद्याने अस्वस्थ झालेल्या भावजयीने त्यांना लिहिले, की तुझ्यासारखी लेखणी माझ्याकडे असती तर गुलामगिरी ही किती शापित गोष्ट आहे हे साऱ्या राष्ट्राला जाणवेल असे काही मी लिहिले असते. तिने ‘कळेल’ म्हटले नाही, ‘जाणवेल’ म्हटले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. मार्च १८५१ मध्ये स्टो यांनी वॉशिंग्टनहून निघणाऱ्या ‘नॅशनल एरा’ या साप्ताहिकाचे संपादक गमॅलिएल बेली यांना पत्र पाठवून आपला बेत कळवला. आपले काम चित्रकाराचे आहे, असे त्यांनी त्यात म्हटले. चित्राशी कुणाला वाद घालता येत नाही आणि ज्याची इच्छा नसेल त्याच्यावरही चित्राचा परिणाम होतोच, ही त्यांची त्यामागची भूमिका होती.

तीन-चार अंकांत संपेल असे ठरलेली ही गोष्ट ५ जून १८५१ पासून १ एप्रिल १८५२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा महिने, क्रमशः चालली. दर आठवड्याला अंक यायचा, संध्याकाळी दिव्याभोवती घरातली माणसे बसायची, एक जण मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. ग्रंथ एकटा माणूस मिटलेल्या खोलीत वाचतो आणि त्याचे मत त्याच्यापुरते राहते; पण कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या कथेवर बाप मुलांसमोर, बायको नवऱ्यासमोर काहीतरी बोलते, आणि पुढच्या अंकाची वाट पाहताना तोच विषय शेजारी, चर्चमध्ये, दुकानात निघतो. एखाद्या पात्राचे पुढे काय होणार, या काळजीने आठवडा काढलेला माणूस त्या पात्राला मालमत्ता मानणाऱ्या कायद्याविषयी तटस्थ राहू शकत नाही. २० मार्च १८५२ रोजी बॉस्टनच्या जॉन जुएट यांनी ही कादंबरी दोन खंडांत प्रसिद्ध केली आणि पहिल्या वर्षात अमेरिकेत तिच्या सुमारे ३ लाख प्रती खपल्या. ब्रिटनमध्ये हा आकडा १० लाखांच्या पुढे गेला. तिथल्या बहुतेक आवृत्त्या परवानगीविना काढलेल्या होत्या, कारण दोन देशांमध्ये लेखनहक्काचा करारच नव्हता.

या यशाचे श्रेय केवळ करुणरसाला देणे पुरेसे नाही. स्टो यांनी वाद घालण्याची जागा बदलली, हे त्यांचे खरे कौशल्य आहे असे मला वाटते. तोवर गुलामगिरीची चर्चा राज्यघटना, संघराज्य, मालमत्तेचा हक्क, कापसाचा व्यापार या शब्दांत होत असे, आणि त्या शब्दांवर सिनेटर बर्ड यांच्यासारख्या सुशिक्षित पुरुषांची हुकमत होती. कादंबरीने तो विषय स्वयंपाकघर, पाळणा आणि बायबल यांच्या भाषेत आणला. ही भाषा उत्तरेतील आणि दक्षिणेतील प्रत्येक ख्रिस्ती घरात बोलली जात होती, आणि तिच्यावर बायकांचा अधिकार होता. स्त्रियांना तेव्हा मतदानाचा हक्क नव्हता. पण मतदान करणारा पुरुष ज्या घरात जेवतो त्या घराची नैतिक हवा त्या ठरवत होत्या, आणि कादंबरीने नेमका तोच दरवाजा ठोठावला. शिवाय स्टो यांनी सगळी दुष्टता दक्षिणेच्या माथी मारली नाही. कादंबरीचा नायक असलेल्या टॉम या गुलामाचा छळ करून त्याला मारवणारा सायमन लिग्री हा मालक मूळचा उत्तरेतला दाखवला आहे, तर टॉमचा पहिला मालक शेल्बी आणि दुसरा मालक सेंट क्लेअर हे दक्षिणेतले दोघेही मनाने चांगले आहेत. शेल्बी कर्जापायी टॉमला विकतो आणि सेंट क्लेअर त्याला मुक्त करण्याचे वचन पूर्ण होण्याआधीच मरतो. मालक भला असला तरी त्याचे कर्ज किंवा त्याचा मृत्यू माणसाला बाजारात उभा करतो, ही गोष्ट कितीही व्याख्याने दिली तरी इतकी स्पष्ट झाली नसती. “आमचे गुलाम सुखी आहेत” या युक्तिवादाचा पायाच त्यामुळे खचतो.

ही कादंबरी आकाशातून पडली नव्हती. इंग्रजीत ॲफ्रा बेन यांची ‘ओरूनोको’ ही कथा १६८८ सालची. तिने वाचकांना गुलाम केलेल्या आफ्रिकी राजपुत्रासाठी हळहळायला लावले, पण तो राजपुत्र स्वतःही गुलाम विकत असे, आणि हळहळ होती ती राजकुळातल्या माणसावर ही वेळ आली म्हणून. सामान्य गुलामासाठी कळवळा वाटायला पुढे शंभर वर्षे जावी लागली. १७८७ मध्ये जोसाया वेजवूड यांच्या कारखान्यात तयार झालेल्या छोट्या पदकावर साखळदंडात गुडघे टेकलेला माणूस विचारत होता, की मी माणूस नाही का, तुमचा भाऊ नाही का. हे पदक ब्रिटनमधल्या स्त्रियांनी दागिन्यासारखे वापरले. ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली आणि १८३३ मध्ये आपल्या बहुतेक वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला. गुडघे टेकून दया मागणाऱ्या त्या आकृतीकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

त्याहून महत्त्वाचे ऋण होते ते गुलामगिरीतून सुटलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या किंवा सांगितलेल्या आत्मकथनांचे. फ्रेडरिक डग्लस यांचे १८४५ चे आत्मकथन आणि जोसाया हेन्सन यांचे १८४९ चे आत्मकथन यांनी स्टो यांच्यासाठी वाट तयार केली होती. येथे एक विलक्षण उलटापालट दिसते. कादंबरी खोटी आहे असा ओरडा दक्षिणेतून झाला तेव्हा स्टो यांनी १८५३ मध्ये न्यायालयीन निकाल, जाहिराती आणि साक्षी एकत्र करून कादंबरीतील घटनांचे आधार दाखवणारे वेगळे पुस्तकच काढले. त्याच सुमारास हॅरिएट जेकब्स या गुलामगिरीतून निसटलेल्या स्त्रीची कहाणी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. जेकब्स यांना आपली कथा लिहिण्यात मदत हवी होती, तर स्टो यांना ती आपल्या पुराव्याच्या पुस्तकात वापरायची होती. जेकब्स यांनी नकार दिला आणि स्वतःच लिहायला घेतले. मालकाच्या लैंगिक छळापासून वाचण्यासाठी आजीच्या घराच्या छताखालच्या, धड उभेही राहता येणार नाही अशा पोकळीत जवळजवळ सात वर्षे काढल्याची ही हकिकत १८६१ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध झाली. पुढे शतकभराहून अधिक काळ अनेक अभ्यासक ती कुणा गोऱ्या लेखिकेने रचलेली कादंबरी समजत राहिले, आणि १९८० च्या दशकात जीन फेगन येलिन यांनी पत्रे व कागदपत्रे लावून ती खरी असल्याचे सिद्ध केले. गोऱ्या स्त्रीच्या कल्पनेवर लाखोंनी विश्वास ठेवला आणि काळ्या स्त्रीच्या अनुभवाला मात्र पुरावा द्यावा लागला. कथेने घडवलेल्या लोकमताचा विचार करताना ही गोष्ट मनातून जात नाही, आणि जाऊ देऊही नये.

दक्षिणेची प्रतिक्रिया हीसुद्धा एक मोजपट्टीच आहे. १८६१ मध्ये उत्तर आणि दक्षिण यांच्यात सुरू झालेल्या यादवी युद्धापूर्वीच्या आठ-नऊ वर्षांत स्टो यांना उत्तर म्हणून वीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या गेल्या. मेरी ईस्टमन यांची ‘आंट फिलिसेस केबिन’ तर १८५२ मध्येच बाजारात आली. या पुस्तकांत प्रेमळ मालक, समाधानी गुलाम आणि उत्तरेतील गिरण्यांत पिचणारे मजूर असत. साहित्य म्हणून त्यांतले फारसे काही टिकले नाही. पण गुलामगिरीच्या समर्थकांनाही घटनेची कलमे सोडून कादंबरी लिहावी लागली, यावरून लढाईचे मैदान कुणी निवडले होते ते कळते.

आता सर्वांत अवघड प्रश्न असा, की मते खरोखर बदलली का? येथे उत्साहाने वाटेल ते बोलणे सोपे आहे. १८६२ च्या अखेरीस स्टो राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना भेटल्या तेव्हा “एवढं मोठं युद्ध सुरू करणारं पुस्तक लिहिणारी ती छोटीशी बाई तुम्हीच का?” असे ते म्हणाले, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. पण भेटीच्या वेळच्या कोणत्याही कागदात ते वाक्य नाही. ते छापून आले १८९६ च्या सुमारास, स्टो यांच्या मृत्यूच्या काळात. युद्ध एका पुस्तकाने सुरू होत नाही. निवडणुकांचे आकडे तर त्या दंतकथेच्या उलट दिशेने जातात. गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करणाऱ्या फ्री सॉइल पक्षाला १८४८ मध्ये सुमारे १० टक्के मते पडली होती, आणि १८५२ मध्ये, कादंबरी घरोघरी पोहोचली होती त्याच वर्षी, ती ५ टक्क्यांच्याही खाली घसरली. डोळ्यांत पाणी आलेला वाचक त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नेहमीच्याच पक्षाला मत देऊन आला, असा याचा सरळ अर्थ होतो.

म्हणून मला वाटते, की कथेने ताबडतोब मत फिरवले नाही, तर पुढे घडणाऱ्या घटना कशा पाहायच्या याची नजर दिली. मे १८५४ मध्ये बॉस्टन शहरात अँथनी बर्न्स नावाच्या फरारी तरुणाला पकडण्यात आले. २ जून रोजी सैनिकांच्या पहाऱ्यात त्याला बंदरावर नेले जात असताना सुमारे ५० हजार लोक रस्त्याच्या दुतर्फा उभे होते, इमारतींवर काळी कापडे लटकत होती आणि एका शवपेटीवर ‘स्वातंत्र्य’ असे लिहिलेले होते. आदल्या रात्री आम्ही जुन्या वळणाचे, तडजोडवादी म्हणून झोपलो आणि सकाळी वेडेपिसे निर्मूलनवादी होऊन उठलो, अशा अर्थाचे उद्गार बॉस्टनचे धनाढ्य कापड व्यापारी अमोस लॉरेन्स यांनी त्या वेळी काढले. या माणसाला कादंबरीनेच बदलले असे मी म्हणणार नाही. पण रस्त्यावरून चाललेल्या त्या एका तरुणात फरारी मालमत्ता न दिसता माणूस दिसावा, यासाठी त्या गर्दीची तयारी दोन-तीन वर्षे घराघरांत चालली होती. त्याच वर्षी नव्या प्रदेशांत गुलामगिरीला वाट मोकळी करणारा कॅन्सस-नेब्रास्का कायदा झाला, तिच्या विस्ताराला विरोध करणारा रिपब्लिकन पक्ष जन्माला आला, आणि पुढच्या काही वर्षांत उत्तरेतील अनेक राज्यांनी फरारी गुलाम कायद्याची अंमलबजावणी अडवणारे कायदे केले.

समुद्रापलीकडे याची खूण आणखी ठळक आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमधील स्त्रियांनी अमेरिकेतील भगिनींना गुलामगिरी संपवण्याची विनंती करणारे एक निवेदन काढले. त्यावर ५ लाखांहून अधिक सह्या झाल्या, आणि त्या सह्यांचे २६ खंड स्टो यांच्या स्वाधीन करण्यात आले.

या लोकमताची कीर्ती पुण्यापर्यंतही आली होती. १८६५ मध्ये घटनादुरुस्तीने अमेरिकेतील गुलामगिरी संपली आणि १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी आपल्या ‘गुलामगिरी’ या ग्रंथाची अर्पणपत्रिका युनायटेड स्टेट्समधील सदाचारी लोकांना उद्देशून लिहिली. गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या निरपेक्ष बुद्धीचा गौरव करून, आपले देशबांधव शूद्र बांधवांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवतील अशी आशा जोतीरावांनी तीत व्यक्त केली. अमेरिकेच्या संदर्भातला ‘गुलामगिरी’ हा शब्द त्यांनी इथल्या जातिव्यवस्थेला लावला, त्यामुळे मराठी वाचकाला आपल्या गावातले नेहमीचे व्यवहार एकदम वेगळ्या नावाने दिसू लागले. तो ग्रंथ कादंबरी नाही, पण त्यातही शुष्क प्रतिपादन टाळून धोंडिबा विचारतो आणि जोतीराव उत्तर देतात, अशी संवादाची रचना आहे.

अर्थात दयेवर उभे राहिलेले लोकमत दयेच्या मर्यादाही घेऊन येते. वेजवूडच्या पदकावरची गुडघे टेकलेली आकृती स्टो यांच्या टॉममध्ये पुरती पुसली गेलेली नाही. टॉम मार खातो, क्षमा करतो आणि मरतो, आणि वाचक त्याच्यासाठी रडतो. पण तो हात उगारता तर वाचक तितकाच रडला असता का? कादंबरीच्या शेवटी सिनेटरच्या स्वयंपाकघरात आलेली ती तरुण स्त्री एलायझा आणि तिचा नवरा जॉर्ज यांना स्टो आफ्रिकेतील लायबेरियाला पाठवतात. मुक्त झालेल्या काळ्या माणसाला शेजारी म्हणून सामावून घेण्याची कल्पना लेखिकेलाही पेलली नव्हती, असे हा शेवट सांगतो. मार्टिन डिलेनी यांच्यासारख्या कृष्णवर्णीय नेत्यांनी त्याच काळात यावर कठोर टीका केली होती. टीका रास्त होती असेच मला वाटते. त्यात भर घातली रंगभूमीने. नाट्यरूपांतरावर लेखकाचा हक्क तेव्हाच्या कायद्यात नव्हता, त्यामुळे १८५२ पासून या कथेचे वाटेल तसे प्रयोग झाले. गोरे नट तोंडाला काळे फासून नाचू-गाऊ लागले, आणि कादंबरीत रुंद खांद्यांचा, लहान मुलांचा बाप असलेला टॉम रंगमंचावर वाकलेला, हांजी हांजी करणारा म्हातारा झाला. ‘अंकल टॉम’ ही आज अमेरिकेत शिवी आहे. मूळ कादंबरीत मात्र पळालेल्या दोन स्त्रियांचा ठावठिकाणा सांगायला नकार दिला म्हणूनच टॉमला मारले जाते.

डग्लस यांनी स्टो यांची जाहीरपणे प्रशंसा केली, पण स्वतः कथा लिहिली ती वेगळीच. १८५३ ची त्यांची ‘द हिरोइक स्लेव्ह’ ही दीर्घकथा मॅडिसन वॉशिंग्टन या खऱ्या माणसावर आधारलेली आहे. त्याने १८४१ मध्ये क्रिओल नावाच्या जहाजावर बंड करून ते ब्रिटिशांच्या ताब्यातील नासाऊ बंदरात नेले आणि सोबतच्या गुलामांना स्वातंत्र्य मिळवून दिले. या कथेतील गोऱ्या माणसाचे आडनाव आहे लिस्टवेल, म्हणजे नीट ऐकणारा. तो रानात एकट्याने बोलत असलेल्या मॅडिसनचे स्वगत ऐकतो आणि बदलतो. वाचकाने अश्रू ढाळावेत इतकेच डग्लस यांना पुरेसे नव्हते. समोरचा माणूस बोलतो आहे, तर त्याचे म्हणणे ऐकावे, अशी त्यांची मागणी होती. त्याच वर्षी लंडनमध्ये विल्यम वेल्स ब्राउन यांची ‘क्लोटेल’ प्रसिद्ध झाली. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या गुलाम मुलींची ती कल्पित कहाणी आहे. या दोन्ही कृतींना स्टो यांच्या वाचकवर्गाच्या जवळपासही जाता आले नाही.

कथेच्या ताकदीचा अंदाज तिच्या चाहत्यांपेक्षा तिला घाबरणाऱ्यांकडून अधिक नेमका मिळतो. मेरीलँड राज्यात सॅम्युएल ग्रीन नावाचे एक मुक्त कृष्णवर्णीय धर्मोपदेशक राहत होते. त्यांचा मुलगा गुलामगिरीतून पळून कॅनडाला पोहोचला होता. एप्रिल १८५७ मध्ये संशयावरून ग्रीन यांच्या घराची झडती घेण्यात आली. तेव्हा मुलाची पत्रे, कॅनडाचा नकाशा, रेल्वेची वेळापत्रके आणि ‘अंकल टॉम्स केबिन’ची एक प्रत सापडली. पत्रे, नकाशा आणि वेळापत्रके यांवरून भरलेल्या खटल्यात ते सुटले. मग कृष्णवर्णीयांमध्ये असंतोष पसरवणारे साहित्य बाळगल्याबद्दल दुसरा खटला भरला गेला, आणि त्या कादंबरीच्या प्रतीसाठी त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. पाच वर्षे तुरुंगात काढल्यावर १८६२ मध्ये राज्यपालांनी त्यांना राज्य सोडून जाण्याच्या अटीवर माफी दिली, आणि ग्रीन कॅनडाला गेले.